नाणं वाजवून घ्यायचं कुठे?

चांदीचा रुपया खरा की खोटा हे बघायला जुना सराफ तो बोटाच्या टोकावर तोलून धरायचा आणि दुसऱ्या नाण्याने त्याच्या कडेला हलकेच टोला द्यायचा. खऱ्याचा आवाज लांबत जायचा. शिसं-कथील मिसळलेला असला तर 'थप्प' करून गप्प. नाणं असो, मडकं असो की सोयरीक, वाजवून घ्यावी ही आपली रीत. आता नाणं मोबाइलच्या काचेमागे असतं. चार फोटो, साडेचार तारे, 'उद्यापर्यंत घरपोच'. काचेवर कितीही टिचक्या मारा, आवाज काचेचाच येणार.

आयुष्यभर एका पतपेढीच्या कॅश काउंटरवर बसलो. नाण्यांचा नाद तिथेच लागला. रोजच्या चिल्लरीतून मुंबई टांकसाळीचा सालाखालचा चौकट ठिपका, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका आणि कोलकात्याची काहीच खूण नसलेली नाणी वेगळी काढायची, यावर कितीतरी दुपारी निभावल्या. पुढे शिवराईचं, मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचं, वेड लागलं. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की मी काही नवखा गिऱ्हाईक नव्हतो. आणि तरीही फसलो.

गेल्या दिवाळीच्या आधी एका मोठ्या ॲपवरून सहा शिवराया मागवल्या. नऊशे रुपये. वर्णनात लिहिलं होतं, '100% ओरिजिनल, शिवकालीन, दुर्मिळ.' यातला 'शिवकालीन' हा शब्द मी नेहमीच सोडून देतो. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' अशी अक्षरं असलेलं हे तांब्याचं नाणं 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालं खरं, पण महाराजांच्या नंतरही ते पडतच राहिलं. बाजारात सहज मिळते ती शिवराई बहुधा पेशवाईतली असते. म्हणजे वर्णनातली एक थाप मी आधीच पचवलेली होती. थाप पचवायची सवय लागली की पुढची ओळखू येत नाही, हेही तेवढंच खरं.

पार्सल आलं. स्टेपल मारलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत एकेक नाणं, वर पारदर्शक कागद, सगळं अगदी नीटनेटकं. सहाही बाहेर काढून टेबलावर ओळीने मांडली, भिंग लावलं. शिवराई हाताने पाडलेली असायची. तांब्याची गोळीवजा चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि घण घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे कुठे 'श्री' अर्धा बाहेर जायचा, कुठे 'व' ची दांडी तुटायची, कड कुठे फाटायची. एकाच ठशाची दोन नाणीसुद्धा जुळ्या भावांसारखी दिसत नाहीत. माझ्या सहांपैकी तिघांना मात्र एकाच जागी टवका होता. 'जा' चा काना संपतो तिथे उजव्या कडेला, तिरपा, नखाएवढा. तिन्हींचा 'श्री' एकाच रेषेवर कापलेला. कडेला कानशीने घासल्याच्या बारीक आडव्या रेघा, आणि भिंगाखाली पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, इडलीला असतात तशी. वितळवलेलं तांबं साच्यात ओतलं की हवेचे बुडबुडे अशी छिद्रं सोडून जातात. एका खऱ्या शिवराईचा साचा करून ही पोरं ओतलेली होती, त्या मूळ शिवराईचा टवका घेऊनच.

परत करायला ॲप उघडलं. 'परत करण्याचं कारण निवडा.' वस्तू तुटलेली आली. चुकीचा रंग किंवा साइज. अपेक्षेप्रमाणे नाही. आता नको आहे. दुसरीकडे स्वस्त मिळाली. यादी दोनदा वरखाली केली. 'वस्तू खोटी आहे' हे कारणच नव्हतं. 'अपेक्षेप्रमाणे नाही' दाबलं, खाली टवक्याचं सगळं पुराण मराठीत आणि मोडक्या इंग्रजीत लिहिलं, भिंगातून काढलेले फोटो जोडले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. माझी विनंती मान्य होऊ शकत नाही, कारण मिळालेली वस्तू विक्रेत्याने दाखवलेल्या चित्राशी जुळते.

जुळतेच. चित्र खोट्या शिवराईचं होतं, आली तीही खोटी शिवराई. ॲपच्या हिशेबी व्यवहार चोख.

हे उत्तर लिहिणाऱ्या पोराचा मला राग आला नाही, आणि माझ्या तक्रारीचा गाभा इथेच आहे. ही सगळी यंत्रणा एकसारख्या वस्तूंसाठी बांधलेली आहे. चार्जरची केबल, प्रेशर कुकरची शिट्टी, साबणाची वडी. तिथे 'चित्राशी जुळते का' एवढा प्रश्न पुरतो, कारण एक शिट्टी दुसरीसारखीच असते. नाणं, तिकीट, जुनी नोट, पितळी अडकित्ता यांचा जीवच मुळी 'एकमेव' असण्यात. तिथे चित्राशी जुळणं कमीत कमी महत्त्वाचं. प्रश्न एवढाच की वस्तू खरी आहे का, आणि खरी म्हणून कोण छातीवर हात ठेवतंय.

कुणी म्हणेल, नकली मालाविरुद्ध या कंपन्यांकडे मोठमोठे विभाग असतात की. असतात, पण ते कुणाच्या हाकेला धावतात ते पाहा. बुटाच्या किंवा घड्याळाच्या कंपनीने कळवलं की अमुक विक्रेता आमचा नकली माल विकतो, तर तो माल उतरतो. तिच्याकडे ट्रेडमार्क असतो, वकील असतात. शिवराईच्या टांकसाळीचा ट्रेडमार्क कुणाकडे नोंदलेला आहे? मुघलांच्या रुपयाचा? पंचम जॉर्जच्या रुपयाचा? जी सत्ता ते नाणं पाडत होती ती सत्ताच राहिली नाही, मग तक्रार करायला येणार कोण? त्यामुळे नकली बूट विकणं जोखमीचं आणि नकली इतिहास विकणं बिनघोर, अशी आज बाजाराची रचना आहे.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम जुलै 2020 मध्ये आले. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा, विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायचा, हे सगळं त्यात आहे. पण सुरुवातीलाच एक खिडकी उघडी ठेवली आहे. धंदा म्हणून नियमितपणे न विकणाऱ्या, खासगी नात्याने काही विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. हेतू चांगलाच. माझ्या पुतणीने तिची जुनी सायकल विकली तर तिच्यामागे नियमावलीचं लचांड कशाला? पण संग्रहाच्या वस्तूंचा बाजार निम्मा याच खिडकीतून चालतो. प्रत्येकजण 'आजोबांच्या पेटीत सापडलं' म्हणूनच विकतो. एकाच आजोबांच्या पेटीत टवका उडालेल्या तीन जुळ्या शिवराया निघाल्या तरी नातू खासगी व्यक्तीच.

आणि ॲप? ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 खाली 'मध्यस्थ'. म्हणजे फळा आमचा, लिहितो तो कुणी दुसरा, जबाबदारीही त्याचीच. या संरक्षणाच्या मागे एका लिलावाच्याच साइटचा इतिहास आहे. 'बाझी डॉट कॉम' 2004 मध्ये 'ईबे'ने घेतली. त्याच वर्षअखेरीस तिच्यावर कुणी अश्लील चित्रफीत विकायला टाकली आणि कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यालाच अटक झाली. दुसऱ्याच्या पापासाठी फळेवाल्याला, म्हणजे फळ्याच्या मालकाला, बेड्या हे जाचकच होतं, आणि 2008 च्या दुरुस्तीने कलम 79 मधलं मध्यस्थांचं संरक्षण रुंद केलं. तेव्हा ते रास्त होतं. पण फळेवाला आता नुसता फळेवाला राहिलेला नाही. तो प्रत्येक विक्रीवर टक्केवारी घेतो, पैसे घेऊन एखादी वस्तू यादीत वर चढवतो, आपल्या गोदामात ठेवतो, आपल्या खोक्यात भरतो, आपल्या माणसाकरवी दारात आणून देतो. एवढं करणारा मध्यस्थ कसा, हा प्रश्न न्यायालयांनाही पडला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये महागड्या बुटांच्या एका खटल्यात म्हटलं की व्यवहारात सक्रिय भाग घेणाऱ्याला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. पुढे 2020 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने सक्रिय-निष्क्रिय हा भेद कायद्यात कुठे आहे, असा उलटा सवाल केला. बुटांचं हे असं, तर तांब्याच्या पैशाला कोण विचारतो.

आता दुसरी बाजू, कारण मी विकूनही पाहिलं आहे, आणि खरा विकणारा या ॲपांवर घेणाऱ्यापेक्षा जास्त भरडला जातो असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडे 1911 चे दोन रुपये होते. त्या साली पंचम जॉर्जच्या झग्यावर गळ्यातल्या साखळीतला हत्ती असा काही कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणं मागे घेतलं गेलं आणि 1912 पासून सोंड नीट दिसेलसा हत्ती आला. संग्राहक त्याला 'डुक्करवाला रुपया' म्हणतात. दोनपैकी एक विकायला काढला. राजाच्या कानामागे सराफाने तपासताना मारलेला बारीक टोचा होता, तो मी लपवला नाही, फोटोत मुद्दाम गोल करून दाखवला. वजन 11.6 ग्रॅम, तेही लिहिलं. चार दिवसांत विकला गेला. आठव्या दिवशी परत आला. शेरा: 'आता नको आहे.' पाकीट उघडलं तर आत 1911 चाच रुपया, पण कानामागे टोचा नाही. काट्यावर ठेवला तर साडेनऊ ग्रॅमसुद्धा भरेना. माझं नाणं त्याच्याकडे, त्याचं पितळ माझ्याकडे, आणि ॲपने त्याचे पैसे त्याला परत केलेले. तक्रार केली तर उत्तर आलं, परत आलेली वस्तू पाठवलेल्या वस्तूच्या वर्णनाशी जुळते. 1911 चा रुपया, चांदीच्या रंगाचा, गोल. बाकी काय पाहिजे?

अशा दोन ठेचा लागल्या की शहाणा व्यापारी पाय काढून घेतो. जो राहतो त्याला परतीचा तोटा किमतीत धरावा लागतो. खरी शिवराई तो चारशेला लावतो, शेजारी ओतलेली दीडशेला झळकत असते, आणि 'स्वस्त ते आधी' असं बटण दाबलं की खरी सातव्या पानावर जाते. खोटा पैसा खऱ्या पैशाला चलनातून हुसकावतो हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. चलनातून गेलेल्या पैशालाही तो नियम सोडत नाही, हे मला या वयात कळलं.

याहून वरची पायरी म्हणजे लखपती करणाऱ्या नाण्यांची. 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे का? दहा लाख मिळतील.' 'ट्रॅक्टरवाली पाचाची नोट आहे का?' '786 नंबर आहे का?' वैष्णोदेवीचं नाणं 2012 सालचं, ढिगाने चलनात आलेलं. आमच्या काउंटरवर त्याच्या पिशव्या फुटायच्या. पण बातमी वाचून घरातला कुणी म्हातारा फोटो टाकतो आणि तासाभरात फोन वाजतो. काका, नाणं आठ लाखांना पक्कं झालं, फक्त नोंदणीचे अडीच हजार भरा. मग जीएसटी. मग 'रिझर्व्ह बँकेची एनओसी', बँकेच्या शिक्क्यासकट. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की आम्ही अशा व्यवहारात नाही, कसली फी वा कमिशन घेत नाही, आणि आमच्या नावाने ते घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी त्यानंतरही तीन हप्ते भरले. पोरांना सांगायची लाज, म्हणून गप्प राहिले. अशा वेळी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लवकर लावला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, पण लाजेचा वेळ नेहमीच जास्त जातो.

आणि ते 'रामटंके'. एका बाजूला रामपंचायतन किंवा हनुमान, दुसरीकडे 'ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा, 1818'. कंपनीने असलं नाणं कधी काढलंच नाही. हौसेने, भक्तीने बनवलेली ही बिल्लेवजा नाणी. देव्हाऱ्यात खुशाल ठेवावीत. ॲपवर मात्र ती 'अति दुर्मिळ, चमत्कारी' म्हणून पाच आकडी किमतीला लावलेली दिसतात, आणि काहींच्या वर्णनात तर 'तांदूळ ओढतं' असंही लिहिलेलं असतं. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याने आजवर फक्त माणसांचे खिसे ओढलेत.

आपल्या लोभालाही मी सोडणार नाही. दीडशे रुपयांत 'शिवकालीन' मागवताना मनाच्या कोपऱ्यात आपण काय म्हणत असतो? बिचाऱ्याला किंमत कळत नाही, साधून घेऊ. सव्वाशे वर्षांच्या तांब्याच्या नाण्याची काळीसावळी झिलई चिंच-मीठ लावून घासून काढणारे, नाणं झगझगीत केल्याचं सांगून दुप्पट मागणारे, तेही आपल्यातलेच. शिवाय कायद्याकडे काणाडोळा तर सगळेच करतो. शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि परदेशी पाठवणं तर खासगी माणसाला बंदच. न्यू जर्सीतल्या आपल्या भावाला देवघरात शिवराई हवी असते, भावना अगदी खरी, पण इथून पोस्टाने पाठवली तर गुन्हा. मी रुपया विकायला काढला तेव्हा त्या ॲपने माझं पॅन कार्ड, बँकेचं पान, सेल्फी सगळं मागितलं. वस्तू शंभर वर्षांवरची आहे का, हे मात्र विचारलं नाही.

मग जुनं तेच बरं होतं, असं म्हणू का? पुण्याच्या जुन्या बाजारात काय कमी टोप्या बसतात? मुंबईच्या चोर बाजाराचं तर नावच बोलकं. पण तिथे माणूस असतो. जुन्या बाजारात मी ज्याच्याकडून घेतो तो दर रविवारी त्याच चादरीवर त्याच जागी बसतो. म्हणतो, "काका, घेऊन जा, भिंगाखाली बघा, नाही पटलं तर पुढच्या रविवारी आणा." एकदा आणलंही. त्याने नाणं उलटंपालटं केलं, कडेवर नख फिरवलं, तोंड वाकडं केलं आणि पैसे काढून दिले. ते नाणं त्याने पुन्हा मांडलं नाही. कारण पुढच्या रविवारी त्याला तिथेच बसायचं होतं.

आता व्हॉट्सॲपवर नाणेवाल्यांचे गट आहेत, तिथेही हेच चालतं. रात्री दहापर्यंत बोली, फोटोत नाण्याशेजारी काटा आणि कड दिसलीच पाहिजे, खोटं निघालं तर पैसे परत, नाही दिले तर नाव साऱ्या गटांत फिरतं. कुठला कायदा नाही, कुठला करार नाही, तरी माझा तिथला अनुभव लाखो रुपये खर्चून बांधलेल्या ॲपपेक्षा बरा आहे. नाव जाण्याची भीती हा जुना उपाय आहे. ॲपवर नाव गेलं तर माणूस दुसऱ्या ईमेलवरून दुसरं नाव घेतो. अर्थात गटात शिरायला ओळख लागते. साताऱ्याच्या नवख्या कॉलेजच्या पोराला, ज्याला कालच नाद लागलाय, त्याला ॲपशिवाय दुसरा रस्ता सापडत नाही. म्हणून 'ॲपवरून घेऊच नका' हा सल्ला मला पळपुटा वाटतो.

माझं म्हणणं साधं आहे. जो किमतीतून टक्केवारी घेतो त्याने निदान त्या टक्केवारीपुरती तरी खरेपणाची जबाबदारी घ्यावी. 'आम्हाला नाणी ओळखता येत नाहीत' हे उत्तर मला मान्य आहे, पण मग वर्णनात 'ओरिजिनल' हा शब्द छापू देऊ नका. छापू दिलात तर वस्तू खोटी निघाल्यावर पैसे आधी तुम्ही परत करा आणि मग विक्रेत्याकडून वसूल करा. नाणी विकायला लावताना वजन, व्यास आणि कडेचा फोटो सक्तीचा करा. याला नाणेशास्त्र लागत नाही, एक रकाना लागतो. परत आलेल्या नाण्याचं वजन तुमच्याच गोदामात तुमच्याच काट्यावर करा. माझा 11.6 ग्रॅमचा रुपया साडेनऊचा होऊन आला, तो तिथल्या तिथे पकडला गेला असता. आणि परतीच्या कारणांत 'खोटी' हा शब्द घाला. या कारणाने तीन वेळा परत आलेला माल विकणारा 'खासगी व्यक्ती' राहत नाही, असा अर्थ नियमांत लिहायला सरकारला फार शाई लागणार नाही.

सगळी नाणी तज्ज्ञाकडून प्रमाणित करून सीलबंद डबीत विका, असं काहीजण सुचवतात. परदेशात ते चालतं. पण तीनशेच्या शिवराईला प्रमाणपत्राचा खर्च नाण्याहून जास्त, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा अमेरिकेचाच दुसरा धडा घ्यावा. तिथे 1973 पासून नाण्यांच्या नकलेवर 'कॉपी' असं उठवणं बंधनकारक आहे, आणि 2014 च्या दुरुस्तीने तशी खूण नसलेली नक्कल विकणाऱ्यांवर आणि विक्रीला जाणूनबुजून मोठा हातभार लावणाऱ्यांवरही जबाबदारी टाकली. आपल्याकडे राज्याभिषेकाच्या 350 व्या वर्षात शिवराई आणि होनाच्या (शिवकालीन सोन्याच्या नाण्याच्या) किती प्रतिकृती निघाल्या! गडावरून येताना लोकांनी त्या प्रेमाने आणल्या, माझ्याही घरात एक आहे. तिच्यावर 'प्रतिकृती' हा शब्द कुठेही नाही. दहा वर्षं घाम लागू द्या, वर्षभर कुंडीत पुरा, मग बघा ती कोणाच्या आजोबांच्या पेटीत सापडते ते.

परवा रात्री झोप येईना म्हणून ॲप चाळत होतो. एक शिवराई दिसली. विक्रेत्याचं नाव नवं, गाव दुसरं, किंमत दोनशे चाळीस. फोटो मोठा केला. 'जा' चा काना संपतो तिथे, उजव्या कडेला, तिरपा टवका. खाली तक्रारीचं बटण होतं ते दाबलं. कारणांची यादी उघडली आणि मी पुन्हा एकदा ती वरपासून वाचायला लागलो.